गळतीचे निदान

‘निदान’ हा शब्द मराठीत दोन ठिकाणी नांदतो. वैद्यकात तो रोगाच्या मुळाचा शोध सांगतो, आणि रोजच्या बोलण्यात ‘किमान’ या अर्थाने येतो: ‘निदान एवढे तरी करा’. संस्कृतात त्याचा जुना अर्थ बांधण्याची दोरी, दावे असा आहे. पुढे तो ‘आदिकारण’ या अर्थाला आला. दावे हाताने धरून मागे मागे जावे आणि ते ज्या खुंट्याला बांधले आहे तिथे पोहोचावे, असे या अर्थांतराचे चित्र आम्ही आपल्यापुरते मनाशी धरले आहे.

‘गळती’ हा दुसरा शब्द. छपराची, नळाची, टाकीची गळती असते, तशी ती विद्यार्थ्यांचीही असते. शिक्षणखात्याच्या मराठीत प्रवेश घेऊन मधूनच निघून जाणाऱ्यांसाठी हाच शब्द रूढ आहे, आणि दर वर्षी भरून द्यायच्या तक्त्यात त्याचा एक रकाना असतो. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. हा रकाना भरणे आमच्याकडे असते. शब्दाची खुबी अशी, की त्यात थेंब दिसतो आणि भांडे दिसत नाही. गळणारा गळतो, तो कशातून गळला, हे वाक्याबाहेर राहते.

हे दोन्ही शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी आम्हांला झाली ती मुंबई–आग्रा महामार्गावर, नाशिकजवळच्या एका मालमोटारींच्या गॅरेजात. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘व्यवसायांची परिभाषा’ असा प्रकल्प दिला होता. कुणी कुंभारवाड्यातले शब्द आणले, कुणी द्राक्षबागेतले. वर्गात क्वचितच दिसणाऱ्या एका विद्यार्थ्याने सांगितले, ‘मी मामाच्या गॅरेजातले शब्द आणतो. पण तिथे यावं लागेल, मॅडम. शब्द सांगून कळणारे नाहीत.’ म्हणून गेलो. चार-पाच दुपारी तिथे काढल्या, आणि त्यांतल्या बहुतेक मालमोटारीच्या पुढच्या चाकापाशी गेल्या.

पुढच्या चाकाची रचना आधी सांगणे भाग आहे. समोरच्या आसाच्या दोन्ही टोकांना, चाके वळवता यावीत म्हणून, उभ्या खिळीवर फिरणारा एकेक भाग असतो. खिळीला ‘किंग पिन’ म्हणतात. या भागातून बाहेर आलेल्या आखूड दांड्याला गॅरेजात ‘स्टब’ म्हणतात. चाकाचा तुंबा, म्हणजे आजच्या भाषेत ‘हब’, या दांड्यावर फिरतो. दांडा स्थिर असतो आणि हब फिरते. दोघांच्या मध्ये दोन बेअरिंगे असतात, आतले मोठे व बाहेरचे लहान. त्यांतले रूळ निमुळते असतात आणि दोन्ही बेअरिंगे एकमेकांच्या उलट तोंडाने बसवलेली असतात. त्यामुळे वरून येणारे वजन आणि वळणावर बाजूने येणारा रेटा, दोन्ही पेलले जातात. निमुळत्या रुळांच्या बेअरिंगाचे अमेरिकेतले पेटंट १८९८ सालचे. ते मिळवणारे हेन्री टिमकेन हे मूळचे घोडागाड्या बनवणारे कारखानदार होते. बैलगाडी आणि मालमोटार यांच्यातले अंतर आपण समजतो त्यापेक्षा कमी आहे.

हबात वंगण भरलेले असते. आपल्याकडच्या मालमोटारींत ते बहुधा ग्रीस असते. अमेरिकेत पातळ तेल भरण्याची आणि पातळी दिसावी म्हणून टोपीला पारदर्शक खिडकी ठेवण्याची पद्धत पुष्कळ रूढ आहे. वंगण बाहेर येऊ नये आणि धूळ-पाणी आत जाऊ नये, म्हणून हबाच्या आतल्या तोंडाशी रबरी ओठाची एक कडी बसवतात. तिचे नाव ‘ऑइल सील’. ओठ दांड्याला हलकेच टेकून राहावा म्हणून त्याच्यामागे बारीक स्प्रिंग असते. ही एवढीशी कडी, पण तिच्या पलीकडे ब्रेकचा ड्रम आणि लायनर असतात. ओठ फाटला की वंगण ड्रमात उतरते. मग ब्रेक दाबल्यावर एका बाजूचे चाक धरते, दुसऱ्या बाजूचे घसरते आणि गाडी धरणाऱ्या बाजूला खेचली जाते. सपाट रस्त्यावर एक वेळ निभावते. कसारा घाटाच्या उतारावर, भरल्या गाडीत, काय होईल ते सांगण्याची गरज नाही.

वजनाचा अंदाजही द्यायला हवा. २०१८ साली केंद्र सरकारने दोन आसांच्या मालमोटारीची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. त्यात पुढच्या आसाचा वाटा ६ टनांवरून ७ टन झाला. म्हणजे पुढच्या एकेका चाकावर साडेतीन टनांपर्यंत भार. मालमोटारीचे चाक एका किलोमीटरला सुमारे ३०० फेरे घेते. नाशिकहून वाशीच्या बाजारापर्यंत १५० हून अधिक किलोमीटर, म्हणजे एका खेपेला ४५,००० वर फेरे. प्रत्येक फेरा साडेतीन टनांचा.

आम्ही भाषेच्या वर्गात ‘सुख’ या शब्दाची एक व्युत्पत्ती नेहमी सांगतो. मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत–इंग्रजी कोशात ती दिली आहे: ‘सु’ म्हणजे चांगले आणि ‘ख’ म्हणजे छिद्र, चाकाचे आस जाण्याचे भोक. ज्या रथाच्या चाकाचे भोक नीट, तो रथ सुख. ऋग्वेदात हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो. ‘दुःख’ शब्दाचीही तशीच फोड करतात, जरी ती ‘दुःस्थ’ वरून आली असावी असे त्याच कोशाचे मत आहे. विद्यार्थ्यांना ही गोष्ट आवडते. ‘ख’ चांगले की वाईट हे ठरवायचे कसे, हे मात्र कोशात नसते. ते मिस्त्रींना ठाऊक असते.

मिस्त्री म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचे मामा. पन्नाशीचे, मितभाषी. गाडी आत आली की ते प्रथम पुढच्या दोन्ही हबांना हाताची मागली बाजू लावतात. एकच हब किती गरम, याला फारसा अर्थ नाही. घाट चढून आलेल्या गाडीचे दोन्ही गरम असणारच. एक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम असेल तर त्याला अर्थ आहे. मग गळतीची जागा. चाकाच्या बाहेरच्या अंगाला टोपीपासून परिघाकडे फाकलेल्या वंगणाच्या रेघा असतील, तर टोपीचे पॅकिंग गेलेले असते. फिरत्या चाकाने थेंब बाहेर फेकलेले असतात. आतल्या अंगाला, ड्रमच्या कडेवर आणि टायरच्या आतल्या भिंतीवर ओल असेल, तर संशय सीलवर. पण एवढ्यावर ते थांबत नाहीत. किंग पिनला जास्त ग्रीस मारले की तेही खाली उतरते. पॉवर स्टिअरिंगचे तेल ठिबकते आणि वाऱ्याने चाकावर उडते. ते ओल बोटावर घेतात, चोळतात, वास घेतात. ‘आधी तेल कुणाचं ते बघायचं, सर,’ एवढेच म्हणाले.

मग जॅक. बाकीच्या चाकांना उटी लावून पुढचे चाक उचलतात. एक हात चाकाच्या माथ्यावर, एक तळाशी. आत-बाहेर हलवून पाहतात. जड चाक असेल तर टायरखाली पहार घालून उचकटतात. चाक ‘खट्’ करते. या हालचालीला गॅरेजात ‘चाल’ म्हणतात. चाल बेअरिंगमध्येही असू शकते आणि किंग पिनमध्येही. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. इथे मिस्त्री भाच्याला हाक मारतात, ‘ब्रेक दाब’. भाचा केबिनमध्ये चढून ब्रेक दाबून धरतो. ब्रेकने हब आणि स्टबकडचा भाग एकमेकांना जखडले जातात, म्हणजे बेअरिंग या खेळातून बाद होते. आता चाल गेली तर दोष बेअरिंगचा होता. तशीच राहिली तर किंग पिनचा. ब्रेक सोडून चाक हाताने फिरवतात आणि दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यांवर ठेवतात. खरखर कानाच्या आधी हाताला कळते.

हे पाहताना आम्हांला आयुर्वेदातले निदानपंचक आठवले. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती: रोग ओळखण्याच्या या पाच वाटा. पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वीची चाहूल. तळहातामागे लागलेली ऊब ती हीच. रूप म्हणजे उघड लक्षण, गळती. उपशयाचा विचार आम्हांला नेहमीच सर्वांत आधुनिक वाटत आला आहे. लक्षणे फसवी असतील तेव्हा काही करून पाहावे, आणि त्याने बरे वाटते की बिघडते यावरून रोग ओळखावा. ‘ब्रेक दाब’ हा उपशयाचा याहून नेटका दाखला आम्ही पाहिलेला नाही. संप्राप्ती म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कसा घडत गेला त्याची साखळी. ती कळण्यासाठी हब उघडावे लागते. आणि खरी अडचण तिथे येते.

त्या दुपारी आलेली गाडी लासलगावचा कांदा भरून वाशीला निघाली होती. मालक स्वतःच चालवत होते. डावे पुढचे सील गळत होते. ते म्हणाले, ‘मिस्त्री, नुसतं सील टाकून द्या. पहाटे बाजारात लागायचंय.’

‘टाकतो, भाऊ. याआधी कधी टाकलं होतं?’

‘दिवाळीनंतर एकदा. मग दीड महिन्याखाली.’

‘म्हणजे हे तिसरं. सील रडतंय हे खरं, पण कशापायी रडतंय ते बघू द्या की.’

‘बघायला किती लागतील?’

या प्रश्नात दोन प्रश्न होते, तास किती आणि रुपये किती. सील स्वस्त असते. बेअरिंग बदलायचे तर आतली कडी आणि बाहेरचा कप जोडीनेच बदलावा लागतो, कारण झिजलेल्या कपात नवे रूळ फार टिकत नाहीत. वंगणात भिजलेले लायनरही टाकून द्यावे लागतात. धुऊन किंवा जाळून ते पुन्हा विश्वासाचे होत नाहीत. वर रात्र मोडते, कांद्याचा भाव हुकतो, आणि गाडीचा हप्ता भावासाठी थांबत नाही. मालक काही अडाणी नव्हते. सील पुन्हा गळेल हे त्यांना कळत होते. ज्याला आजची खेप करायची आहे त्याला पुढच्या महिन्यातली गळती परवडते आणि आजचे निदान परवडत नाही, एवढे साधे गणित होते.

मिस्त्रींनी आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘सील टाकून देतो. पण मग तुम्ही घाट उतरायचा नाही. परत लासलगावला जा, सपाटीनं.’ थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मालकांनी फोन काढला आणि वाशीच्या अडत्याला कळवले.

हब निघाले. सील हातात घेऊन मिस्त्रींनी ओठ दुमडून पाहिला. दीड महिन्याचे रबर भाकरीच्या करपल्या कडेसारखे कडक झाले होते, भेगाळले होते. बेअरिंगे डिझेलमध्ये धुऊन कापडावर ठेवली आणि भाच्याला सांगितले, ‘वाच.’ हा शब्द त्यांचा, आमचा नव्हे.

भाच्याने वाचले. रुळांवर बारीक ओरखडे आणि राखाडी मळकटपणा असता, तर धूळ आत आली असे म्हणता आले असते. म्हणजे आधी सील गेले आणि मग बेअरिंग. रुळांच्या अंतरा-अंतरावर काळे पट्टे असते, तर पाणी शिरून गाडी बराच काळ उभी राहिली असे झाले असते. आतली कडी फिरत नाही, त्यामुळे वजन तिच्या खालच्या अंगावर येते. फक्त तिथलेच पापुद्रे सुटले असते, तर तो वयाचा आणि ओझ्याचा थकवा. इथे यांतले काही ठळक नव्हते. पोलाद निळसर पडले होते आणि रुळांची जाड टोके घासून खरवडली होती. म्हणजे आधी उष्णता, मग कडक झालेले सील, मग गळती. आणि वंगण कमी पडल्यावर आणखी उष्णता. ‘नट आवळला होता,’ भाचा म्हणाला. मालकांनी आठवून सांगितले, की पावसाळ्याआधी वाटेत कुठेतरी चाकाला चाल आहे म्हणून कुणीतरी ‘टाइट’ करून दिले होते.

संप्राप्ती ती अशी. चाल होती, म्हणून आवळले. आवळले, म्हणून तापले. तापले, म्हणून गळले. गळले, म्हणून सील बदलले. नट तसाच राहिला, आणि पुन्हा गळले. दावे धरून मागे गेले की खुंटा सापडला, आणि तो सीलमध्ये नव्हता.

यातून ‘चाल’ या शब्दाचा जो अर्थ आम्हांला मिळाला तो आमच्याजवळच्या कोणत्याही कोशात नाही. बेअरिंगला चाल अजिबात नको असते, असा आमचा समज होता; तसे नसते. मिस्त्री चाक फिरवत फिरवत नट आवळतात, रूळ जागेवर बसू देतात, आणि मग तो थोडा मागे सोडतात. या जुळवणीसाठी अमेरिकेतल्या मालवाहतूक क्षेत्रात रूढ असलेले माप ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर इतक्या चालीचे आहे. छापायच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे साडेतीन टन पेलणाऱ्या चाकाला पुस्तकाच्या एका पानाएवढी मोकळीक हवी असते. ती जास्त झाली की चाक डगमगते आणि सीलचा ओठ एका अंगाला झिजतो. ती शून्याखाली गेली की पोलाद निळे पडते. दोन्ही वाटांनी शेवटी गळतीच दिसते. लक्षण एक, आणि कारणे एकमेकांच्या अगदी उलट.

हा धडा आमच्या रकान्याला लागू पडतो. भाच्याची उपस्थिती नियमापेक्षा कमी होती. सत्रात त्याला दोनदा नोटीस गेली होती, पालकांच्या सहीचे हमीपत्र घेतले गेले होते. दोन्ही वेळा तो आठ-दहा दिवस आला आणि पुन्हा दिसेनासा झाला. नोटीस हे आमचे सील. स्वस्त, हाताशी असलेले, आणि बदलल्याची नोंद ठेवता येणारे. चार-पाच दुपारी गॅरेजात बसल्यावर त्याच्या दिवसाची रचना कळली. घाट चढून-उतरून आलेल्या गाड्या सकाळी अकरानंतर लागतात. आमचे तास अकरा ते दोन. नियम आणखी कडक करा, असा एक सूर दर बैठकीत असतो. तो चुकीच्या हेतूचा नाही. चाल दिसली की नट आवळावासा वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र हा मुलगा ढिलाईने गळत होता की ताणाने, हे आधी वाचायला हवे, आणि ते तक्त्यावरून वाचता येत नाही.

उपमा फार ताणू नये हे आम्हांलाही समजते. माणूस बेअरिंग नाही; महाविद्यालयाला जॅक लावता येत नाही. शिवाय मिस्त्रींजवळ जे होते ते आमच्याजवळ कमी आहे. त्यांनी केवळ ओळखले नाही, त्या ओळखण्याची किंमत वाटून घेतली. नव्या बेअरिंगांचे आणि लायनरचे पैसे त्या रात्री पुरते मिळाले नाहीत. उरलेले त्यांनी वहीत मांडले, पुढच्या दोन खेपांच्या बोलीवर. मालक बाकड्यावर झोपले आणि सकाळी गाडी घाटाकडे गेली. निदान ही बुद्धीची गोष्ट आहे असे आपण समजतो. पण गाडी रात्रभर उभी ठेवण्याचा खर्च कुणीतरी अंगावर घेतल्याशिवाय ते पुरे होत नाही. शासनाच्या तक्त्यांपासून वाङ्मयीन समीक्षेपर्यंत, आपण लक्षणालाच रोगाचे नाव देऊन मोकळे होतो, त्यामागे अज्ञानापेक्षा हा खर्च टाळण्याची इच्छा अधिक असते, असे आम्हांला वाटू लागले आहे. ‘कविता दुर्बोध झाली’, ‘वाचक कमी झाला’, ‘मुले गळली’ ही सारी सीलविषयीची विधाने आहेत. ती खोटी नाहीत. ती ओल कुठे आहे तेवढे सांगतात.

विद्यार्थ्याने प्रकल्प दिला. १३२ शब्द आहेत, वर्णानुक्रमे. ‘चाल’ या नोंदीत त्याने रीत, गती, गाण्याची चाल, कपट हे कोशातले अर्थ दिले आहेत आणि शेवटी स्वतःचा एक घातला आहे: ‘चाक मोकळे फिरावे म्हणून मुद्दाम ठेवलेली जागा. हाताला लागली तर जास्त, लागली नाही तरी असावी.’ भाषाशास्त्राचा तास पुढच्या सत्रात सकाळी साडेसातला ठेवावा, असा प्रस्ताव आम्ही विभागातर्फे दिला आहे. त्याला दोन सहकाऱ्यांचा विरोध आहे, आणि त्यांची कारणेही खरी आहेत: एक बाई इगतपुरीहून येतात. बैठक व्हायची आहे. प्रस्ताव फेटाळला गेला, तर निदान त्याची कारणे तरी इतिवृत्तात लिहून राहतील.